डाव्या हाताचं वर्ष : पखवाज शिकतानाच्या नोंदी

२१ जुलै २०२४, रविवार (गुरुपौर्णिमा)

आजपासून ही वही. आळंदीला गुरुजींच्या घरी नारळ आणि उपरणं घेऊन गेले आणि शिकवणी सुरू झाली. तबल्याच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा मी कॉलेजात असताना दिल्या होत्या. मग नोकरी, लग्न, मुलगी, आणि तबला खोळीत गेला. पखवाज मात्र डोक्यातून कधीच गेला नाही. आळंदीत पहाटे एखाद्या धर्मशाळेवरून गेलं की आतून दहा-बारा पोरं एकदम मृदंग, म्हणजे वारकऱ्यांचा पखवाज, वाजवत असतात. तो आवाज कानाच्या आधी पोटात ऐकू येतो.

गुरुजी सत्तरीचे. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, तबला किती वर्षं वाजवला ते विचारलं. "सात वर्षं," म्हटलं. "मग सात महिने विसरण्यात जातील," म्हणाले.

मी प्रकल्पाचा कागद करून नेला होता. गणिताची बाई असल्यामुळे ती सवयच आहे. मुदत एक वर्ष. बुधवार, शुक्रवार, रविवार पहाटे पाच ते साडेसहा, चिंचवडहून स्कूटीने, कारण शाळा दुपारची. रोज घरी एक तास. उद्दिष्ट: चौतालाचा ठेका (बारा मात्रांच्या तालाचे ठरलेले बोल), त्याची दुगुन-चौगुन (दुप्पट-चौपट लय), चार परणी (पखवाजाच्या बांधलेल्या रचना), तिहाया (तीनदा म्हणून पहिल्या मात्रेवर संपवायचे तुकडे), आणि वर्षाअखेर एका भजनाला साथ. गुरुजींनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, पेन मागितलं आणि "चौतालाचा ठेका" एवढंच ठेवून बाकीच्या ओळींवर रेघ मारली. कागद परत देताना म्हणाले, "हे झालं की बाकीचं त्याच्या पोटातून येतं."

तो कागद वहीच्या पहिल्या पानाला चिकटवला आहे.

२४ जुलै, बुधवार

वादनाला हात लागला नाही. कणीक मळली.

पखवाजाच्या उजव्या तोंडावर तबल्यासारखी शाई, म्हणजे मधला काळा थर, असते. डावं तोंड, ज्याला धुमा म्हणतात, ते कोरं असतं. वाजवायच्या आधी त्याच्या मधोमध ओल्या कणकेचा गोळा थापायचा. त्याच्या वजनाने कातडं जड होतं, सूर खाली उतरतो आणि घुमारा येतो. उजवीत जो षड्ज, तोच खालच्या सप्तकात डावीतून यायला हवा. कणीक वाढवली की सूर उतरतो, काढली की चढतो.

वाचायला सोपं आहे. मी पोळ्यांची कणीक रोज मळते, तशीच मळली. गुरुजींनी बोटाने दाबून पाहिली आणि बाजूला ठेवली. "ही पोळीची. घट्ट आहे, कातड्याला धरणार नाही." दुसरी सैल केली तर ती थापल्यावर कडेने ओघळली. तिसरी काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, मळून दाखवली: पाणी थोडं थोडं, मीठ नाही, तेल नाही, आणि मळून झाल्यावर दहा मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवायची. चांगली कणीक तळहाताला चिकटते, पण ओढली की सबंध निघते. गोळा थापताना आधी कातड्यावर ओलं बोट फिरवायचं, मग मधोमध दाबून कडा निमुळत्या करायच्या, म्हणजे मध्ये जाड आणि कडेला पातळ.

चौथा गोळा माझा होता. गुरुजींनी थाप दिली, निम्मी कणीक काढून टाकली, पुन्हा थाप दिली, चिमूटभर परत लावली. मग वाजलं. मला दोन्ही थापांतला फरक कळला. कणीक किती काढायची हे त्यांना कशावरून कळलं, ते कळलं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

पढंत. हातांनी वाजवायच्या आधी तोंडाने म्हणायचं, हातावर टाळी-खाली देत (खाली म्हणजे टाळीऐवजी हात नुसता बाजूला फिरवणं).

धा धा | दिं ता | किट धा | दिं ता | तिट कत | गदि गन

बारा मात्रा. टाळ्या पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर. खाली तिसऱ्या आणि सातव्या. मला हा ताल तोंडपाठ होता, परीक्षेला लिहिला होता. गुरुजींनी अर्धा तास तोच म्हणायला लावला, अगदी संथ लयीत. विसाव्या आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या विसाव्या फेरीच्या, आसपास माझी खाली घसरायला लागली. दिं म्हणताना आवाज नाकातून लांबवावा लागतो, नाहीतर पुढचा ता लवकर येतो. दिंला जेवढी जागा दिली तेवढीच ती वाजवताना मिळते, हे आज तोंडाने कळलं.

गुरुजींचा नियम: जे तोंडात नाही ते वहीत लिहायचं नाही. त्यामुळे या वहीत जे बोल येतील ते शंभरदा म्हणून झालेले असतील.

१८ ऑगस्ट, रविवार

आज खरी अडचण समोर आली. माझा डावा हात.

तबल्यावर डाव्याचं मनगट कातडीवर टेकलेलं असतं. बोटांनी घे हा बोल वाजवायचा आणि मनगटाने दाबून, सरकवून आवाजाला वळण द्यायचं. मींड काढायची म्हणजे हाताने आवाजावर ताबा ठेवायचा. सात वर्षं मी हेच गिरवलं. पखवाजावर डावा तळहात सबंध उघडा पडतो आणि लगेच उठतो. मनगट टेकायचं नाही. दाबायचं नाही. थाप पडली की आवाज तुमच्या हातातून गेला, आता तो आपापला घुमून विरणार.

माझा हात उठतच नाही. थाप पडल्यावर तो निमिषभर कातड्यावर थांबतो आणि घुमारा तिथेच मरतो. आवाज येतो तो फळीवर भिजलं फडकं आपटल्यासारखा. गुरुजी शांतपणे म्हणत होते, "धरू नको. सोड." शंभर तरी वेळा. मग त्यांनी माझा पखवाज बाजूला ठेवला आणि त्यांच्या पखवाजावर फक्त ग, म्हणजे डाव्याचा मोकळा बोल, वाजवला. मला डोळे मिटून मोजायला सांगितलं, घुमारा कुठवर ऐकू येतो. विलंबित लयीत तो दुसऱ्या मात्रेपर्यंत ऐकू येत होता.

"तुझा पहिल्या मात्रेतच संपतो. मग दुसरी मात्रा कोण भरणार?"

घरी येऊन फक्त डावा. पंचेचाळीस मिनिटं. मुलगी झोपेतून उठून आली आणि कोण दार वाजवतंय विचारायला लागली.

८ सप्टेंबर, रविवार

गणपतीचे दिवस, घरात आरत्या, बाहेर पाऊस. हवेतल्या ओलाव्याने कातडं सैल पडतं, म्हणून रोज सूर उतरलेला असतो. आज मिळवायला शिकले. वादीच्या, म्हणजे दोन्ही तोंडं ताणून धरणाऱ्या चामड्याच्या पट्टीच्या, खाली आठ लाकडी गठ्ठे असतात. हातोडीने ते डावीकडे सरकवले की उजव्या पुडीवरचा, म्हणजे तोंडावरच्या कातड्यावरचा, ताण वाढतो. मोठा फरक गठ्ठ्यांनी काढायचा, बारीक फरक गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, हलके ठोके देऊन. पुडीची सगळी घरं (वादीच्या फेऱ्यांमधले भाग) सारखी बोलली पाहिजेत. एका घरात सूर चढा असेल तर ता वाजवल्यावर आवाज थरथरतो.

माझा पखवाज शिसवाचा, जुना, गुरुजींच्या एका शिष्याकडून घेतलेला. उजवं तोंड साडेसहा इंच, डावं साडेनऊ. गुरुजींचा खैराचा आहे आणि एका हाताने उचलत नाही.

दुपारी सी. व्ही. रामन यांच्या कामाबद्दल पुन्हा वाचलं. कॉलेजात वाचलं होतं, तेव्हा हातात वाद्य नव्हतं. साध्या गोल पडद्यातून निघणाऱ्या स्वरांची प्रमाणं १, १.५९, २.१४, २.३० अशी वेडीवाकडी असतात. म्हणून साध्या ढोलाला निश्चित सूर नसतो. रामन यांनी १९२० साली दाखवलं की मृदंग-तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचा भार दिल्याने ही प्रमाणं जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशी होतात, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेसारखी. लोखंडाची पूड आणि भाताची खळ एकावर एक थर देऊन, दगडाने घोटून ज्या कारागिरांनी हे साधलं, त्यांच्याकडे यातलं एकही समीकरण नव्हतं. त्यांनी कानाने शोधलं. मी वर्गात वर्तुळ शिकवताना हे मुलांना सांगणार आहे, आणि पखवाज घेऊन जाऊन सांगणार आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार (दसरा)

वाद्यांची पूजा. गुरुजींकडचे सात पखवाज ओळीने मांडले होते, प्रत्येकावर झेंडूचं फूल. आज कुणी वाजवायचं नसतं. शिकवणीतल्या मुलांबरोबर बसून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. ती सगळी मला ताई म्हणतात आणि माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने वाजवतात.

२७ ऑक्टोबर, रविवार

फार वाईट झालं. लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा होणार नाही.

शुक्रवारी रात्री रियाज करून उशीर झाला. दिवाळीची साफसफाई, उत्तरपत्रिका. कणीक काढायची राहिली आणि पखवाज तसाच खोळीत गेला. शनिवारी रात्री उघडला तर उंदराने डावी पुडी कुरतडलेली. कणकेच्या वासावर आला आणि कणकेबरोबर कातडंही खाल्लं. मधोमध रुपयाएवढं भोक.

आज गुरुजींसमोर पखवाज ठेवला तेव्हा मला रडू आलं. ते रागावले नाहीत. त्यांनी भोकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "वाजवून झालं की पहिलं काम कोणतं?" मी म्हटलं, कणीक काढणं. "मग कातडं ओल्या फडक्याने पुसणं, मग कोरड्याने. मग हात जोडणं. मग चहा." काकूंनी सांगितलं की काढलेली कणीक त्या दारातल्या गाईला देतात. कातड्यावर राहिलेली कणीक वाळली की आक्रसते आणि कातडं ओढते, म्हणजे उंदीर आला नसता तरी नुकसान होतंच.

(नंतर जोडलेलं.) पुढचे आठ दिवस पुण्यातल्या एका कारागिरांकडे रोज संध्याकाळी जाऊन बसले. पुडी चढवायची तर सगळी वादी सोडावी लागते. शेळीचं कातडं भिजवून मऊ करायचं, वरून चाटेचा, म्हणजे कडेच्या गोल पट्टीचा, वेगळा थर, मग गजरा विणायचा. वादी ओवताना एक घर कमीजास्त ओढलं गेलं की सगळं उसवून पुन्हा. त्यांच्या बोटांना वादीने पडलेल्या चिरा आहेत. मी फक्त वादीचं टोक धरून ठेवायचं काम केलं आणि माझे तळहात सोलवटले. पुडी बसल्यावर त्यांनी कोरडीच एक टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "दहा दिवस वाजवा, मग बोलायला लागेल."

१० नोव्हेंबर, रविवार

नवी पुडी कडक आहे. आवाज पातळ. पण एक चांगलं झालं: कडक कातड्यावर हात थांबला की लगेच कळतं. चुकलेला ग आता लपत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

शिकवणी झाली नाही. कार्तिक वद्यातला संजीवन समाधी सोहळा जवळ आलाय, आळंदीत पाय ठेवायला जागा नाही. गुरुजींच्या घरी परभणी-बीडकडची पंचवीस-तीस माणसं उतरली आहेत. काकूंबरोबर सकाळभर भाकऱ्या थापल्या. दुपारी इंद्रायणीच्या घाटावर बसले. एका वेळी चार दिंड्यांचे मृदंग चार बाजूंनी ऐकू येत होते. डोळे मिटून एकेकाचा डावा वेगळा काढायचा प्रयत्न केला. एकाचा डावा इतका मोकळा होता की मी उठून आवाजाच्या दिशेने गेले. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, गळ्यात मृदंग, वाजवतोय आणि शेजारच्याशी बोलतोय.

विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. त्यानंतर या गावात गाणं आणि मृदंग शिकायला मुलं येत राहिली, घर सोडून राहिली. त्या मुलाचा हात म्हणजे त्याचा एकट्याचा हात नाही, असं आज वाटलं.

२२ डिसेंबर, रविवार

तिहाई. शेवटी माझ्या विषयाचं काही आलं.

गुरुजींनी दिलेला तुकडा ठेक्याच्याच शेपटातला आहे: तिट कत गदि गन धा. पाच मात्रांचा. तीनदा म्हणायचा आणि शेवटचा धा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला पाहिजे. कुठून उचलायचा हे त्यांनी सांगितलं नाही. "तू गणिताची ना? शोध."

स्कूटीवरच शोधलं. पाच त्रिक पंधरा. पंधरावा धा समेवर हवा, तर पहिला बोल समेच्या चौदा मात्रा आधी. म्हणजे मधलं एक आवर्तन सोडून त्याच्या मागच्या आवर्तनाच्या अकराव्या मात्रेपासून उचल. दुगुनीत वाजवला तर चौदाच्या सात मात्रा होतात, म्हणून सहाव्या मात्रेपासून. दर दोन तुकड्यांमध्ये एक बोल एवढा दम (थांबा) ठेवला तर एकूण सतरा होतात, समेआधी सोळा, दुगुनीत आठ, म्हणून पाचव्या मात्रेपासून. पाचवीवर टाळी आहे, त्यामुळे उचलायला सोपं.

मग लक्षात आलं ते जास्त मोलाचं. दुगुनीतल्या बेदम, म्हणजे दम नसलेल्या, तिहाईत तीन धा पडतात ते आठव्या मात्रेवर, मग दहा आणि अकराच्या मधोमध, आणि मग समेवर. मधला धा अधांतरी पडतो आणि ऐकणाऱ्याला हिसका बसतो. दमदार तिहाईत धा पडतात सातवर, दहावर आणि समेवर. तीन तीन मात्रांच्या अंतराने, पायऱ्या उतरल्यासारखे. बोल तेच, एका दमाने स्वभाव बदलला.

शुक्रवारी कागदावर मांडून गुरुजींना दाखवलं होतं. त्यांनी कागद नीट पाहिला, खूश झाले, शिकवणीतल्या मुलांना बोलावून दाखवला. आज वाजवायला सांगितलं. दमदार वाजवली. मात्रा बरोबर, सम बरोबर. तरी त्यांनी मान हलवली.

"दम दिलास तिथे भोक पडलं. दमात काही वाजवायचं नाही, खरं आहे. पण आधीचा धा तिथवर पोचला पाहिजे. तुझा धा वाजून मरतो आणि मग तू वाट बघत बसतेस."

पुन्हा डावा. ऑगस्टात होते तिथेच. फक्त आता मला माहीत आहे की तो घुमारा कुठे लागतो आणि किती लागतो. दुगुनीत अर्धी मात्रा.

१२ जानेवारी २०२५, रविवार

उजव्या अंगठ्याचं मूळ सुजलं होतं. डॉक्टरांनी दहा दिवस हात बंद ठेवायला सांगितला होता. चूक माझी: तिट वाजवताना पंजा करंगळीकडून अंगठ्याकडे डोलायला हवा, मी अंगठा ताठ ठेवून आपटत होते. दहा दिवस फक्त पढंत आणि फक्त डावा हात.

या दहा दिवसांत डावा बराच सुधारला. उजवा वाजत असताना माझं सगळं लक्ष तिकडे असतं, हे एरवी कळलं नसतं.

९ फेब्रुवारी, रविवार

शिकवणीनंतर गुरुजी निवांत होते. परंपरेबद्दल बोलले. पखवाजवादक नाना पानसे वाईकडचे. नाव झालं ते इंदूरला, होळकरांच्या दरबारात. त्यांच्याच काळातले कुदऊसिंह दतियाचे. कुदऊसिंहांच्या घराण्याचा बाज जोरकस, भारदस्त. पानसे घराण्यात गोडवा जास्त, द्रुत लयीत हलके चालणारे बोल. नानांनी खूप शिष्य केले, हातचं राखून ठेवलं नाही. इंदूरचे सखारामपंत आगले, मग अंबादासपंत, अशी ती विद्या चालत राहिली, आणि महाराष्ट्रात कीर्तनातही उतरली. गुरुजी स्वतः दोन्हीकडचे: धृपदाची साथ त्यांनी शिकलेली आणि वारीतला मृदंग घरातला.

"शास्त्रीयवाले म्हणतात भजनात काय वाजवायचं, आणि भजनवाले म्हणतात परणींचा देवाला काय उपयोग. दोघांनाही डावा लागतो," म्हणाले. मग त्यांनी मला वीस मिनिटं स्वतःहून वाजवून दाखवलं, धुमकिट धुमकिट तकिट तका किटतक गदिगन, एकच ओळ, तिच्यात दर वेळी एखादा बोल फिरवत. मी टाळी धरली होती. माझी टाळी दोनदा चुकली.

६ एप्रिल, रविवार (रामनवमी)

पहिली साथ. खेड तालुक्यातल्या एका वाडीत सप्ताह होता, गुरुजींना कीर्तनाला साथ करायची होती. संध्याकाळच्या भजनाला त्यांनी मला बसवलं. सांगितलं पण देवळात पोचल्यावर, त्यामुळे घाबरायला वेळ मिळाला नाही. पखवाज बायकांनी वाजवलेला तिथे कुणी पाहिला नव्हता. एक आजी जवळ येऊन बसल्या आणि शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

आठ मात्रांचा भजनी ठेका. माझ्या चौतालापुढे सोपा वाटला होता. वीस टाळकरी समोरासमोर दोन ओळींत उभे. पहिल्या दोन चरणांना लय ठीक होती. मग टाळ तापले. टाळकऱ्यांच्या पायात लय वाढते, ते पुढे-मागे पावलं टाकतात, आणि प्रत्येक पाऊल मागच्यापेक्षा जरासं लवकर पडतं. मी त्यांच्याबरोबर पळाले. दहा मिनिटांत आम्ही सगळे इतके पुढे गेलो की गाणाऱ्या बुवांना शब्द उच्चारता येईनात. उजव्या हाताने मी मुखडे (समेआधीचे छोटे तुकडे) भरत होते, लग्ग्या (ठेक्याच्या जलद भरती) लावत होते, आणि जितकं भरत होते तितकी लय सुटत होती.

गुरुजी मागे बसले होते. त्यांनी वाकून कानात एवढंच सांगितलं: "उजवा कमी कर. डाव्याला बोलू दे."

मी उजवा जवळजवळ बंद केला. फक्त ठेका, आणि डाव्याची थाप मोकळी, पूर्ण. चार-पाच आवर्तनं काही झालं नाही. मग टाळांची घाई कमी होऊ लागली. मी लय ओढून मागे आणली नाही, तशी कुणाला आणता येतच नाही. घुमारा संपेपर्यंत पुढची थाप द्यायची नाही, एवढं मी पाळलं. पावलं त्या घुमाऱ्यावर पडायला लागली. बुवांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि पुढचा चरण सावकाश घेतला.

परत येताना गाडीत कुणी काही बोललं नाही. चाकणजवळ गुरुजी म्हणाले, "मुखडे जास्त झाले." थोड्या वेळाने म्हणाले, "पण ऐकलंस."

४ मे, रविवार

सुट्टी लागली, आता रोज जाते. आज एक गुरुबंधू धृपद गाणाऱ्या मित्राला घेऊन आले होते. गुरुजींनी साथ केली. काळी एकचा सूर. गुरुजींच्या पखवाजाला कणीक मी लावली. थाप दिली, चिमूटभर काढली, पुन्हा दिली, अजून जरा काढली आणि पखवाज त्यांच्यापुढे सरकवला. ते गवयाशी बोलत होते. बोलता बोलता डावीवर एक थाप दिली आणि आलाप संपायची वाट पाहत बसले.

मध्ये पाऊण तासाने कणीक वाळून सूर चढायला लागला, तेव्हा त्यांनी न बघता हात पुढे केला आणि मी पाण्याची वाटी दिली.

२० जून, शुक्रवार

काल माउलींच्या पालखीचं प्रस्थान झालं. आज आळंदी ते पुणे चालले. शाळेतून एकाच दिवसाची रजा. गुरुजींच्या दिंडीबरोबर होते. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये वीणेकरी आणि मृदंग, मागे तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायका. मी पहिला अर्धा दिवस तुळशीवाल्यांबरोबर चालले.

विश्रांतवाडीच्या पुढे मृदंग वाजवणाऱ्या मुलाने पाणी प्यायला गळ्यातला मृदंग उतरवला आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई, घेता का?" मी घेतला. चालताना वाजवणं हे वेगळंच वाद्य आहे. पट्टा मानेत रुततो, पावलागणिक मृदंग हिंदकळतो, आणि कातडं पावसाने भिजू नये म्हणून त्याच्यावर प्लास्टिकचा कागद. हा मृदंग नटबोल्टचा होता, वादी-गठ्ठे नाहीत. रस्त्यात उभ्या उभ्या पान्याने सूर मिळवता येतो, म्हणून दिंडीत आता हेच जास्त दिसतात. आवाज मला जरा कोरडा वाटला, पण पावसात गठ्ठे ठोकत बसणं शक्य नाही हेही पटलं.

चाळीस मिनिटं वाजवला. मांडी घालून बसलेलं असताना डावा हात जे करायचा ते चालताना करेना. पाऊल आणि थाप एकदम पडली की हिसका बसतो. मग पाऊल थापेवर टाकायचं सोडलं आणि घुमाऱ्यात टाकलं, तेव्हा चालणं सुरळीत झालं. संगमवाडीला मुलगा परत आला. मला द्यायचा नव्हता.

१३ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा गुरुवारी झाली. गुरुजी पंढरपूरहून परत आले, पण थकलेले होते, म्हणून मी नमस्कार करून लगेच निघाले होते. आज शिकवणी.

वहीच्या पहिल्या पानावरचा कागद त्यांना दाखवला. चौतालाचा ठेका, दुगुन, चौगुन. परणी चारच्या तीन झाल्या, चौथी अजून तोंडात आहे, हातात नाही. तिहाया दोन. साथ एक, आणि दिंडीतली चाळीस मिनिटं. एकूण तास मांडले होते, ते त्यांनी वाचले नाहीत. चौतालाचा ठेका वाजवायला सांगितला, ठाय, म्हणजे संथ, लयीत, दहा मिनिटं. डोळे मिटून ऐकलं.

मग म्हणाले, "धमार."

क धि ट धि ट | धा ऽ | ग ति ट | ति ट ता ऽ

चौदा मात्रा. टाळ्या पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या मात्रेवर, खाली आठव्या. खंड पाच, दोन, तीन, चार असे, कुठेच सारखे नाहीत. मी हातावर धरला आणि पहिल्याच बोलाला अडखळले. चौतालाची सम धा वर, दोन्ही हात उघडे. इथे समेवर क आहे. डावा तळहात सबंध कातड्यावर आपटून तिथेच ठेवायचा, बंद. घुमारा नाही. आणि मोकळा, भरलेला धा येतो तो सहाव्या मात्रेवर, त्याच्यापुढे एक मात्रा रिकामी.

"वर्षभर हात सोड म्हणालात," मी म्हटलं.

"सोडता येतो त्यालाच धरता येतो. तोंडाने म्हण. क."

अर्धा तास म्हटला. उद्यापासून रोज शंभर आवर्तनं, संथ, फक्त पढंत. वाजवायचा बुधवारी.